झाकलेला आरसा

हेडसरांच्या मिशीचं डावं टोक कापून झालं होतं. उजव्याला कात्री लागणार, तेवढ्यात आरशाकडे बघत ते म्हणाले, "थांब. तुझा मासा भांडतोय."

सलूनवाल्याची कात्री हवेतच राहिली. "सर, तो सहा दिवस कपारीतून बाहेर आलेला नाही. भांडणार कुणाशी?"

"इकडे माझ्या खांद्याशी ये आणि आरशात बघ."

माशाची काचेची टाकी दोन खुर्च्यांच्या मधे, आरशापासून जेमतेम बोटभर अंतरावर ठेवलेली. ही सलूनवाल्याची खास अक्कल. आरशामुळे एकाचे दोन दिसतात, दुकान भरलेलं वाटतं, हे त्याने वीस वर्षं अनुभवलं होतं. माशालाही तोच नियम लावला. समोरून नुसता दगड दिसायचा. पण सरांच्या खुर्चीतून तिरकं पाहिलं की दगडाची मागची बाजू आरशात दिसत होती. तिथल्या फटीच्या तोंडाशी अंगठ्याएवढा मासा, पुढून जांभळा, मागून पिवळा, आ वासून उभा होता. त्याच्यासमोर दुसरा, हुबेहूब तसाच, आ वासून उभा. दोघांपैकी कुणी मागे हटायला तयार नव्हतं.

"म्हणजे हा लाजत नाहीये?" सलूनवाला पुटपुटला.

"लाजतोयही आणि पहाराही देतोय. शाळेत नवीन पोरगं आलं आणि पहिल्याच दिवशी तू त्याच्यासमोर एक दांडगट आणून उभा केलास. दिवसभर डोळे वटारून. मग ते डबा खाईल कसं?"

सलूनवाल्याने कपाळावर हात मारला. बाकी सगळं त्याने, शोभेचे मासे विकणाऱ्या ज्या मासेवालीकडून हा आणला होता, तिने सांगितलं तसं केलं होतं. माशाच्या पिशवीत टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडत अर्धा दिवस घालवला होता. पाण्याचा खारटपणा रोज मोजत होता, दिवा मंद ठेवला होता, काचेवर टिचकी मारणाऱ्या गिऱ्हाइकाची दाढीसुद्धा जरा जोरातच केली होती. तरी मासा अन्नाला शिवत नव्हता. आणि मासेवालीने बजावून ठेवलं होतं, आज संध्याकाळपर्यंत त्याने खाल्लं नाही तर परत आणून दे, तुझ्याकडे तो जगायचा नाही.

त्याने गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधायची कापडं काढली. एक लांब कंगव्याने ढकलत टाकीमागच्या फटीत सरकवलं. दुसरं मागच्या भिंतीवरच्या आरशावर टाकलं.

"माझ्या समोरचाही झाक," सर म्हणाले. "त्याला तिरका दिसत असेल."

"पण सर, मिशी?"

"झाक रे."

तोही झाकला, केसांच्या चिमट्यांनी पक्का केला. बाकावर नंबर लावून बसलेल्या टॅक्सीवाल्याने विचारलं, "आरसे झाकलेत, कुणी गेलं का?" सरांनी त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं. शाळा सुटून तीस वर्षं झालेला तो माणूस पाय जवळ घेऊन बसला.

सलूनवाल्याने पंखा बंद केला. तिघं वाट बघत बसले. आरसे नसलेलं सलून भलतंच लहान दिसत होतं.

बऱ्याच वेळाने दगडाच्या पुढच्या बाजूला जांभळं नाक दिसलं. ते आत गेलं. पुन्हा आलं. मग डोळा, मग अर्धं अंग. आजवर कुणालाही समोरून न दिसलेला मासा समोरून दिसत होता. सलूनवाल्याने लांब नळीचा ड्रॉपर पाण्यात सोडला आणि मुंगीएवढ्या कोळंबीचे चार-पाच दाणे दगडाजवळ सोडले. दाणे तरंगत खाली आले. एक माशाच्या तोंडासमोरून गेला. माशाने तो नुसता पाहिला.

दुसरा त्याने गिळला.

"खाल्लं," टॅक्सीवाला कुजबुजला. "आणखी एक. अरे, तिसरा."

सलूनवाल्याला इतका आनंद झाला, की त्याने समोरच्या माणसाचा हात घट्ट धरला. तो टॅक्सीवाल्याचा होता. टॅक्सीवाल्यानेही तो सोडवून घेतला नाही.

मग सलूनवाल्याची नजर घड्याळाकडे गेली. पावणेअकरा. अकराला सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, सर मधोमध खुर्चीवर बसणार आणि मागे सगळी बॅच उभी राहणार, असा फोटो ठरलेला. त्याचसाठी तर ते सकाळी सकाळी येऊन बसले होते. त्याने घाईने कात्री उचलली आणि उजव्या टोकाला लावली. कच्च असा आवाज झाला. मासा दिसेनासा झाला.

मिनिटभराने जांभळं नाक पुन्हा बाहेर आलं.

"कात्री ठेव," सर हळूच म्हणाले.

"सर, फोटो आहे तुमचा. एका बाजूची झालीय, दुसरी..."

"जेवू दे त्याला. ठेव."

सरांनी गळ्यातलं कापड स्वतःच सोडलं आणि खुर्ची करकरू न देता उठले. वीस वर्षांत ते मिशीची दोन्ही टोकं आरशात, आणि वर हातातल्या आरशात, पारखून घेतल्याशिवाय या दुकानातून बाहेर पडलेले नव्हते. ते आरशाकडे वळले. कापडाचा एक कोपरा सुटून खाली आला होता आणि तेवढा वीतभर आरसा उघडा पडला होता. सर वाकले. आता बघणार, आणि मग आपली धडगत नाही, असं सलूनवाल्याला वाटलं.

सरांनी फळीवरचा चिमटा घेतला, मान दुसरीकडे ठेवून कोपरा वर ओढला, तो नीट लावला आणि चपला हातात घेऊन फोटोला निघून गेले.