बोटांना विश्रांती

"पाणी नाही, साबण नाही, घासणं-पुसणं तर मुळीच नाही. बोटांना विश्रांती द्या, आजी. रेघा परत उमटतील."

कचेरीत बोटांचे ठसे घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंचं हे सांगणं थोरलीनं देवाची आज्ञा असावी तसं मनात धरलं होतं. तेव्हापासून तिनं धाकट्या जावेला चमचासुद्धा विसळू दिला नाही. धुणं, भांडी, फरशी, सगळं स्वतःकडे घेतलं. धाकटीच्या हातांत दिवसभर पांढरे सुती हातमोजे. निजायच्या आधी थोरली तिचे हात मांडीवर घ्यायची आणि एकेका बोटाला साय चोळायची.

"नवरी होऊन आले तेव्हा नाही झाले एवढे लाड," धाकटी म्हणायची.

"तेव्हा मी सासूबाईंच्या बाजूची होते."

थोरलीला चष्म्यातूनही रेघा दिसत नव्हत्या. पण बोटं लोण्यासारखी गुळगुळीत लागत. त्या अर्थी गुण येत असणार, असं ती स्वतःला सांगायची.

दोघींचे नवरे गेले होते. मूलबाळ कुणालाच नव्हतं. दोन खोल्यांत दोन जावा, आणि परदेशात धाकटीचा भाचा. तो लहान असतानाच त्याची आई वारली, त्याला धाकटीनंच वाढवलं. आता तो आत्याला कायमचं बोलावून घेत होता. बाकी सगळं जमलं. अडलं ते परवानगीसाठी लागणाऱ्या बोटांच्या ठशांवर. खानावळीत भांडी घासण्यात धाकटीचा जन्म गेला होता. यंत्रावर बोटं टेकली की यंत्र म्हणे, इथे कुणीच नाही. दोन खेपा अशा फुकट गेल्या. ही तिसरी आणि शेवटची. हीही हुकली तर परवानगीचं दार बंद.

थोरलीला नेता येत नव्हतं. भाच्यानं फोनवर अवघडून सांगितलं होतं, "मोठी आत्या, इथल्या कायद्यात आत्याची जाऊ कुणीच नसते हो."

"बरंच झालं. मला विमान लागतं," थोरली म्हणाली. विमानात ती कधी बसलेली नव्हती.

तिनं शब्द दिलेला होता. धाकटा दीर जाताना तिचा हात धरून म्हणाला होता, "वहिनी, माझ्यामागे हिला हिच्या माणसात पोचवा." थोरलीच्या नवऱ्यानं मात्र शेवटच्या दिवशी धाकटीलाच खोलीत बोलावलं होतं. दार लोटलेलं होतं. काय म्हणाले, असं विचारल्यावर धाकटी डोळे पुसत म्हणाली होती, "वहिनींनी साखर कमी खावी म्हणाले."

दुसऱ्या खेपेला यंत्रानं नाही म्हटलं, तेव्हा थोरलीला एकदम हलकं वाटलं होतं. त्या हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली, की घरी येऊन तिनं दिवा लावला आणि देवापुढे साखर सोडली. धाकटीचे ठसे उमटेपर्यंत चहा बिनसाखरेचा.

"ऐकलंत शेवटी दादांचं," धाकटी म्हणाली.

धाकटीचाही एक नेम होता. उजाडता उजाडता ती फिरायला निघायची. "तिकडे म्हणे बस पकडायलासुद्धा कोसभर चालावं लागतं. पाय तयार करते." फाटकातून उजवीकडे वळलं की बाग होती. डावीकडे तिची जुनी खानावळ. तिथला आचारी थोरलीला भेटला की हसून म्हणे, "तुमच्या जाऊबाईंवाचून पातेली रडतात आमची."

धाकटी फिरायला गेली की थोरली एकटेपणाचा सराव करायची. एकच कप काढायची. एका माणसाचे तांदूळ घ्यायची. हात आपोआप दुसरी मूठ टाकायचा, ती परत डब्यात जायची. मग भिंतीकडे तोंड करून, कुणाशी काही न बोलता चहा प्यायची. एकदा धाकटी लवकर परतली. तिनं तो कप पाहिला, मोकळी भिंत पाहिली. मग पाणी प्यायली. त्या दिवसापासून तिचं फिरणं वाढलं.

घरात तारेच्या घासण्या तेवढ्या टिकेनात.

"उंदीर नेतात," धाकटी म्हणाली.

"तारेच्या?"

"दात घासत असतील."

शेवटच्या खेपेचा दिवस उजाडला. थोरलीनं रात्रीच ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं, धाकटीसाठी. स्वतःसाठी काही काढायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आज नको जाऊस फिरायला. तिकडे वेळेत पोचायचंय."

"नेम मोडू नये, तुम्हीच शिकवलंत. ही गेले आणि ही आले." धाकटीनं हातमोजे चढवले. दारात थबकून म्हणाली, "वहिनी, आज चहात साखर घाला."

"ठसे उमटल्यावर."

"घाला हो. पुरे झालं आता."

"आणि तुझ्या दादांचा निरोप?"

धाकटी चपला शोधत वाकली होती. वाकूनच म्हणाली, "त्यांचा निरोप साखरेचा नव्हता, तुमचा होता." आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली.

थोरलीनं चहाचं आधण ठेवलं. आज शेवटचाच सराव, म्हणून एकच कप काढला. मग काय वाटलं कोण जाणे, तो तसाच ठेवून ती खिडकीशी आली. धाकटीची चाल पुन्हा केव्हा बघायला मिळणार, एवढंच तिच्या मनात होतं.

फाटकाशी धाकटी थांबली. तिनं हातमोजे काढले, नीट घडी करून पोलक्यात ठेवले, कमरेला खोचलेली तारेची घासणी मुठीत घेतली, आणि बागेच्या वाटेकडे न बघता डावीकडे, खानावळीच्या मागच्या दाराकडे भराभर चालू लागली.