नळीत फुंकलं कोणी

"फुंकलं मी होतं. डेलने नाही," वर्ना उभी राहून म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासूनचं हे अकरावं प्रकरण, बाई दमल्या होत्या. दमली तर वर्नाही होती, पण तिचं दमणं नऊ वर्षांचं होतं.

प्रकरण तसं सरळ होतं. दारू पिऊन गाडी ठोकली म्हणून तिचा नवरा डेल दोषी ठरला आणि तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर सुटला. अट एकच, थेंबालाही शिवायचं नाही. वर गाडीत एक खोकं बसवलेलं. त्याच्या नळीत फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नसे, आणि श्वासात दारू असली तर मुळीच नाही. घरात गाडी एकच, त्यामुळे वर्नाही फुंकायची. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाताना फुंकायची, किराणा भरून निघताना भर बाजारात फुंकायची, आणि ओळखीची माणसं मान वळवून दुसरीकडे बघायची.

गेल्या महिन्यात दोनदा, सकाळी पावणेसातला, गाडी सुरूच झाली नाही. वर्नाने चूळ भरली, खोक्याला दोन शिव्या हासडल्या आणि मैत्रिणीला बोलावून तिच्या गाडीतून शाळा गाठली. ते मेलं खोकं आत सगळं टिपून ठेवतं आणि महिनाअखेरीला प्रोबेशनच्या ऑफिसात चहाडी करतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

डेलची बाजू सांगून झाली होती. चीजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलो आणि झोपलो. साक्षीदार कोण, तर घरातलं मांजर. चौदा महिने त्याने तोंडाला लावली नव्हती. आता आत गेला तर कारखान्यातली जागा जाणार, आणि या जिल्ह्यात त्याला दुसरं कोणी दारातसुद्धा उभं करणार नव्हतं.

म्हणून वर्ना उभी राहिली होती. दोन्ही वेळा आदल्या रात्री बहिणीकडे जेवायला गेले होते, तिने सांगितलं. दोन-दोन ग्लास वाइन झाली. सकाळपर्यंत उतरली नसेल.

न्यायाधीशबाईंनी फायलीची पानं मागे उलटली.

"होल्मक्विस्टबाई, मागच्या खेपेला इथेच शपथ घेऊन तुम्ही म्हणालात, खांबावर आदळली तेव्हा गाडी तुम्ही चालवत होतात. त्या वेळी तुम्ही शाळेत पोरांना जेवण वाढत होतात."

बोलली होतीच ती खोटं. डेलला ताप आलाय म्हणून मुकादमाला फोन तिने केले, पाय घसरून पडला म्हणून सासूला तिने सांगितलं. आणि आज कुठे खरं बोलायला उभी राहिली, निदान बरंचसं खरं, तर ऐकायला कोणी तयार नाही.

"या वेळी खरंच मी होते, मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"नवऱ्यासाठी फार केलंत तुम्ही," बाई न रागावता म्हणाल्या. "आता पुरे. बसा."

साठ दिवस. आजपासून.

शिपायाने भला माणूस म्हणून दोन मिनिटं दिली. डेलने घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं, कमरेचा पट्टा काढून दिला. आता हा आपल्याला फाडून खाणार, असं वर्नाला वाटलं. खाल्लं असतं तरी तिला बरंच वाटलं असतं. पण तो चिडला नव्हता. नळीत फुंकलं कोणी हे त्या सगळ्या कोर्टात दोघांनाच ठाऊक होतं.

"तुझी बहीण तर महिनाभर फ्लोरिडात होती," तो हळूच म्हणाला. "किती दिवस चाललंय हे?"

हाच प्रश्न नऊ वर्षं तिने त्याला विचारला होता. 'कुठे काय,' असं तो म्हणायचा. तेच आता वर्नाच्या ओठांवर आलं होतं.

"सकाळच्या कॉफीत?"

तिने मान डोलावली. शरमेने तिला रडूही आलं नाही.

शिपाई दाराशी जाऊन उभा राहिला. डेल दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"सोमवारी साडेसहाला चर्चच्या तळघरात आमची, दारू सोडणाऱ्यांची, बैठक असते. मी नसणार, माझी खुर्ची रिकामी असेल. तिच्यावर बस. बोललंच पाहिजे असं काही नसतं."

वर्ना घड्याळ मुठीत धरून उभी होती.

"आणि चालत जा," तो म्हणाला.