वायर काढल्यावर

"झालं काका. एकशे चाळीस पानं या कॉम्प्युटरवर उतरवली, जशीच्या तशी," म्हणत पुतणीने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्यांना दिली. जुन्या शिलाई मशिनी कशा दुरुस्त करायच्या हे काकांनी ज्या वेबसाइटवर लिहून ठेवलं होतं, ती पाच वाजता कायमची बंद होणार होती. तीन वाजले होते.

काकांनी इकडे तिकडे क्लिक केलं. पानं उघडत होती, फोटो दिसत होते. पण मोटर काढून हाताने चाक फिरवून पाहिल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. ते खाली वाकले आणि त्यांनी इंटरनेटची वायर उपटली.

पुढचं पान उघडेना. पहिलं बंद करून पुन्हा उघडलं, तर मजकूर आला आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी.

पुतणीने पानामागचा कोड उघडून पाहिला. काकांनी प्रत्येक लिंकमध्ये, प्रत्येक फोटोमागे, पाकिटावर लिहावा तसा जुन्या साइटचा पूर्ण पत्ता लिहिला होता. नवी प्रत इतका वेळ गुपचूप तिथूनच सगळं आणून दाखवत होती. फोटो तर तिने उतरवून घेतलेच नव्हते. दिसतायत म्हणजे आले, असं धरून चालली होती. आणि त्या फोटोंत हात काकूचे होते. कॅमेरा काका धरायचे, मशीन काकू. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"घरातल्या घरात एवढा पत्ता कशाला लिहिलात?"

"चुकू नये म्हणून," काका ओशाळून म्हणाले.

तिने वायर जोडली आणि कामाला लागली. आधी फोटो उतरवले. मग सगळ्या पानांतून साइटचं नाव काढून टाकलं. उरलं ते एवढंच, की शेजारच्या फोल्डरमधला अमुक फोटो घे. काका दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. पाचाला दहा कमी असताना तिने स्वतःच वायर काढली.

पान उघडलं. काकूची बोटं सुईत दोरा ओवत होती. अंगठ्याच्या नखाला तेलाचा काळा डाग होता.

काका बघत राहिले. पाच वाजून गेले. पुतणी वायर पुन्हा लावायला वाकली.

"राहू दे जरा," काका म्हणाले.