घट्ट विणीचे हातमोजे

"आज मशीन सुरू नाही केलंत ताई, तर उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. त्यामुळेच ते तिला जास्त खरं वाटलं.

तीन दिवस ती लेथसमोर, लोखंड फिरवून कातणाऱ्या त्या यंत्रासमोर, उभी राहत होती आणि हिरव्या बटणापर्यंत गेलेला हात मागे घेत होती. वर्गातल्या पोरी वीस वर्षांनी लहान. खटकन बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. त्यांचं काय जातंय! लेथने खाल्लेला हात त्यांच्या शेजारी रोज जेवायला बसत नव्हता.

नवरा पंधरा वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होता. दोन हिवाळ्यांपूर्वी उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. आता तो याच प्रशिक्षण केंद्रात स्टोअरच्या खिडकीत बसून डाव्या हाताने हत्यारं द्यायचा. कसं झालं, असं कुणीही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "माझंच लक्ष नव्हतं." पुढे विचारायची सोय नाही.

ती खिडकीशी गेली. "चावी द्या. चक आवळायची."

"मला वाटलं तिजोरीची," तो हसला. "घाबरू नकोस गं. वाघ आहे का तो?"

"वाघ परवडला," ती म्हणाली.

तिने लोखंडी दांडा चकमध्ये, लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला, चावीने आवळला, चावी काढून बाजूला ठेवली. गॉगल लावला. मग एप्रनच्या खिशातून हळूच लोकरीचे हातमोजे काढले. चार दुपारी बसून विणले होते. नवऱ्याला दाखवले नव्हते, हसला असता. हात आत गेले तेव्हा कुठे जिवात जीव आला. ती बटणाकडे वळली.

"काढा ते!"

सर एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या पोरीने आपलं मशीन बंद केलं. सर धावत आले आणि आधी लाल बटण दाबलं. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं.

"हे घालायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हाताला लागू नये म्हणून..."

त्यांनी एक मोजा ओढला. तो सहज निघेना. "केवढा घट्ट विणलाय मनगटाशी! अहो, उघड्या हाताला लागलं तर कातडं सोलतं. मोज्याचा एक धागा फिरत्या दांड्यात अडकला की हातच आत ओढला जातो. सैल असेल तर एखाद्या वेळेस सुटतो तरी. हा कसला सुटतोय?"

तिने मुद्दामच घट्ट विणला होता. निसटू नये म्हणून. तिची पद्धतच ती. त्या हिवाळ्यातही नवऱ्यासाठी तशीच विणली होती, तपकिरी लोकरीची जोडी. सकाळी सकाळी लोखंड हाताला फार झोंबतं, असं तो सहज म्हणाला होता. चार दिवस घालून गेला. पाचव्या दिवशी दवाखाना. ती जोडी पुन्हा दिसली नाही, आणि त्या गडबडीत मोज्यांचं कुणाला सुचतं!

लेथची भीती कुठल्या कुठे गेली. ही वेगळीच होती.

"जा, स्टोअरमध्ये ठेवून या. मग करू सुरू," सर आता मऊ आवाजात म्हणाले.

खिडकी वीस पावलांवर होती. विचारावं का? तो 'हो' म्हणाला, तर त्या हातासमोर बसून घास कसा उतरायचा? आणि 'नाही' म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास बसेल?

तिने मोजे खिडकीच्या फळीवर ठेवले. त्याने सवयीने डावा हात पुढे केला आणि मग पाहिलं, काय आहे ते. हात तिथेच थांबला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ताई, येताय ना?" मागून सरांनी हाक मारली.

"अगं, त्याने नाही झालं ते," नवरा घाईघाईने म्हणाला. "शपथ. मोज्याने नाही झालं."

तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.