लीलंडने सांगितलेलं माप

ऑर्वलने रायफल लीलंडच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली आणि शेजारी काडतुसात किती दारू भरायची ते सांगणारं आपलं पुस्तक आपटलं. सकाळी पहिलाच बार काढल्यावर रायफलीचा मागचा सरकता बोल्ट असा अडकला की हातोडीने ठोकून उघडावा लागला. आतून निघालेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीचं बूड तडकलं होतं. तिथून मागे उसळलेल्या जळत्या दारूच्या झोताने ऑर्वलच्या गालावर काळे ठिपके उठले होते, अगदी डोळ्याखाली.

"तू सांगितलेलंच माप भरलं होतं," तो म्हणाला. "माझं पुस्तक म्हणतं, एवढी दारू कुणी भरूच नये."

"डोळा वाचला ना? बस आधी. कॉफी घे."

"कॉफी प्यायला नाही आलो मी."

मोंटानातल्या त्या खोऱ्यात एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की घरोघर लोक वापरलेल्या पुंगळ्यांत दारू नि गोळी बसवून काडतुसं भरायला बसतात. दारूचं माप एकमेकांना विचारतात, त्यात नवल नव्हतं. पण ऑर्वलने विचारलंच नव्हतं. उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून दोघा शेजाऱ्यांचं कडाक्याचं वाजलं होतं, बोलणं नुकतंच कुठे सुरू झालं होतं, आणि लगेच लीलंडने आपणहून माप सांगितलं. आपणहून! सकाळपासून ऑर्वलच्या डोक्यात एवढंच घोळत होतं.

लीलंडने फळीवरून स्वतःचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दारू तीच, गोळी तेवढ्याच वजनाची. आकडा मात्र ऑर्वलच्या पुस्तकापेक्षा चांगलाच वरचा.

"म्हणजे दोघा पुस्तकवाल्यांतला एक खोटं छापतोय," ऑर्वल म्हणाला, "आणि तू नेमकं तेच माझ्या गळ्यात मारलंस."

"खोटं कुणीच छापत नाही रे बाबा. त्यांची नळी वेगळी, यांची वेगळी. एकाची पुंगळी जाड, दुसऱ्याची पातळ. बुडाची ठिणगी पाडणारी टोपी वेगळी, गोळीचा आकार वेगळा. दारूसुद्धा एका खेपेची दुसरीसारखी जळत नाही. ज्याने त्याने आपल्याकडे बार काढून पाहिला, दाब मोजला आणि छापला. तुझ्या रायफलीत कुणी पाहिलंय?"

"वा! म्हणजे सगळेच साधू, आणि गाल भाजला माझा."

"आणि खालून चढत ये म्हटलं होतं मी. थोड्या दारूने सुरुवात कर, दर बाराला पुंगळी बघ. म्हटलं होतं की नाही?"

म्हटलं होतं. ऑर्वलला ते आठवलंही.

"तू स्वतः हेच माप वापरतोस कशावरून?" त्याने विचारलं.

लीलंडने हातातला कॉफीचा कप न पिताच खाली ठेवला.

"उरलेली काडतुसं आणलीस? दे त्यातलं एक."

गोठ्यामागच्या पडीक रानात लीलंडने आपली रायफल उघडली. बापाच्या वेळची होती ती, ऑर्वलच्या रायफलीचंच काडतूस घेणारी; बार काढून काढून नळी आतून झिजून सैल झालेली, दाब कमी धरणारी. ऑर्वलने स्वतःच्या हाताने भरलेलं काडतूस त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि आत सरकवलं. आता काहीतरी सबब सांगेल, ऑर्वलच्या मनात आलं. पाठ धरली म्हणेल, नाहीतर वारा फार आहे म्हणेल.

लीलंडने दस्त्याला गाल टेकवला.

'थांब' म्हणायला वेळ होता. शब्द ऑर्वलच्या तोंडात आलाही होता. पण मग लीलंडचं खरं-खोटं कसं कळणार?

बार झाला. साधाच, रोजच्यासारखा. कुंपणावरचे कावळे उडाले. लीलंडने एका बोटाने बोल्ट उचलला, पुंगळी अलगद बाहेर आली. बूड शाबूत होतं.

"हे बघ," म्हणत त्याने पुंगळी ठेवलेला तळहात शेजारी पुढे केला. चेहऱ्यावर हसू होतं.

बाजूला कुणीच नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. ऑर्वल गोठ्याशी लावलेल्या ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाआड उभा होता, टोपी तेवढी वर दिसत होती. आपण इथे कसे आलो, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

लीलंडचा हात तसाच पुढे राहिला.

"तू तिकडे कधी गेलास, ऑर्वल?" त्याने विचारलं.