डाव्या हातानं सुटून दाखवा

"बसला! एकदम फिट!"

भीमराजकाकानं व्हॅनच्या सीटवर थाप मारली आणि सगळ्या अंगणाला दिसेल असा मिशीवरून हात फिरवला. सीटबेल्टचा पट्टा आवळायचा चाप त्यानं थेट यवतमाळहून आणला होता. काळाकुळकुळीत, दातेरी. आता दवाखान्यात नेताना त्याची माय, रुखमाबाई, एका अंगावर कलंडणार नव्हती. तिला लुगड्यानं सीटला बांधायची भानगड संपली.

पुतणीनं, साधनानं, मात्र चापाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून काढलं होतं. अख्खं. दहावीत गेल्यापासून ती काहीच अर्धं सोडत नव्हती, वाचायचंही आणि बोलायचंही.

"काका, पक्का बसला एवढंच नाही पाह्यचं. बसलेल्या माणसाले एका हातानं सुटता येते का, ते पाहा म्हणते हे."

"सुटायचं कायले? पडू नये म्हणून तर आणला!"

"आजीचा उजवा हात चालत नाही."

"मंग? आमी हाओत ना सोडाले."

झालं. साधनाचं डोकं तव्यासारखं तापलं.

"मागच्या खेपेले गाडीतून धूर निघाला, तवा बंदे धडाधड उतरले. आजीले कोणं सोडलं?"

"मी बॅटरीची वायर तोडाले धावलो ना वं!"

"तुमी वायर तोडली. लुगड्याची गाठ म्या सोडली. दातानं."

पडवीतल्या खाटेवरून आजी नुसती बघत होती. तिच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. भाव पडला तसा कापूस आत गेला आणि आजी बाहेर आली. तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं.

काकाचे कान लाल झाले. "लय शिकली बाप्पा! मोठ्या माणसासंग कसं बोलावं, थे नाही शिकवत काय तुह्या शाळेत?"

"तुमीच बसा मंग सीटवर. उजवा हात मांडीखाली दाबा अन् डाव्या हातानं सुटून दाखवा. सुटले, तर वर्षभर तोंड नाही उघडत मी."

शेजारची लालीबाई कुंपणापाशी येऊन उभीच होती. "घ्या भीमराजभाऊ, घ्या! एवढं स्वस्त कुठंच भेटणार नाही!"

काका तणतणत सीटवर बसला. उजवा हात मांडीखाली कोंबला. साधनानं पट्टा ओढला, खट्कन अडकवला, चाप दाबला. या जुन्या व्हॅनचं बकल आखूड, सीटच्या फटीत रुतलेलं. चाप घसरला आणि नेमका पट्टा सोडायच्या लाल बटणावर जाऊन बसला. तिनं ते पाहिलं. तसाच राहू दिला.

काकाचा डावा हात पोटावरून पलीकडे गेला, चाचपडला, परत आला. पुन्हा गेला. मग पैज विसरून त्यानं उजवाही हात बाहेर काढला. दोन्ही हातांनी हिसके दिले. जेवढा हिसका, तेवढा पट्टा आवळत गेला. भर उन्हात उभी गाडी. घाम मिशीतून हनुवटीवर उतरला.

"काहो, खुट्याले बांधलेला गोऱ्हा दिसून राह्यले तुमी!" लालीबाईनं पदर तोंडात कोंबला.

"सोड मले! पोट्टे, सोड म्हणतो ना!"

साधना गाडीच्या दाराशी हाताची घडी घालून उभी. हसू यायला हवं होतं. आलं नाही. काकाची आरोळी चौकापर्यंत गेली असेल. आजीला तर एवढं ओरडताही आलं नसतं. या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाचं.

"साधना! जीव घाबरून राह्यला माहा."

त्याचा आवाज खरंच फाटला होता. तिनं डोळे पुसले आणि चाप काढायला वाकली.

तेवढ्यात पडवीतून घरघर ऐकू आली. लकवा झाल्यापासून आजीचा एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा. लालीबाईचं हसू थांबलं. काकाही थांबला.

"राहू दे," आजी म्हणाली. "राहू दे त्याले... ऊन उतरेस्तोवर."