भीती वाटेल असं पुस्तक

"खून नको. पण भीती वाटली पाहिजे," साक्षी म्हणाली.

बोरीच्या वाचनालयात दुपारी फारसं कुणी नसतं. टेबलामागे बसलेल्या महेश्वरीनं हातातला डिंक बाजूला ठेवला. वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट तिनं स्वतः निवडून भरलेलं होतं, आणि कुणाला काय द्यायचं यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. लेखक कोण आवडतो, असं ती कधी विचारत नसे. तिचा प्रश्न वेगळाच असे. किराणावाल्या बन्सीधरशेठला तिनं विषप्रयोगाची कादंबरी दिली, तेव्हापासून त्यांच्या दुकानात उंदराचं औषध साखरेच्या पोत्यापासून लांब गेलं.

"सध्या झोप कशानं उडायली?" तिनं साक्षीला विचारलं.

साक्षी हसली, मग हसू आवरलं. "लग्न ठरलंय ताई माझं. चारठाण्याला. घर चांगलं हाय, कापडाचं दुकान हाय. पण पोराची आधी एक सोयरीक मोडलेली हाय. का मोडली म्हणून विचारलं, तर सासूबाई जेवणाचं बोलायल्या. नणंदेला विचारलं, तर ती साड्या दाखवायली. मी खोलीत गेले की सगळे गप्प बसतात."

महेश्वरी उठली. तिला शोधावं लागलं नाही. वरच्या फळीवरून तिनं एक जाडसर कादंबरी काढली. नवी नवरी, मोठं घर, आणि नवऱ्याच्या पहिल्या लग्नाबद्दल तोंड न उघडणारी माणसं. अशा गोष्टी तिनं ढिगानं वाचल्या होत्या. गप्प नवरा पुढं काय निघतो, हे तिला पाठ होतं.

"शेवट चांगला हाय का?"

"शेवट मी कुणालाच सांगत नसते. पण त्या पोरीची चूक सांगते. ती अख्ख्या घराला विचारत फिरते, आन् नवऱ्याला तेवढं विचारत न्हाई." महेश्वरीनं पुस्तकावर शिक्का मारला. "तू ती चूक करू नको. दिवसाढवळ्या विचार, चार माणसांत विचार. काई वेडंवाकडं निघालं तर सरळ घरी ये. तुझ्या आईवडलांशी मी बोलते."

साक्षीनं पुस्तक ओढणीत गुंडाळलं आणि गेली.

पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक एका तरुणाच्या हातात परत आलं. उंच, सावळा, कपाळावर भस्माचे पुसट पट्टे. उन्हातून आल्यामुळं चेहरा तापलेला होता.

"मी रुद्रेश. चारठाण्याचा," तो म्हणाला. पुस्तक त्यानं टेबलावर ठेवलं. "साक्षीला हे तुमीच दिलं का?"

महेश्वरीनं खुर्ची मागं सारली आणि उभी राहिली. असा माणूस रागावून येणार, हे तिनं धरलेलंच होतं.

"मीच दिलं. विचार म्हणून पण मीच सांगितलं. पुन्हा कुणी आली तर तिलाबी हेच देईन."

रुद्रेश समोरच्या बाकावर बसला. टेबलावरचा तांब्या त्यानं हातानंच विचारून उचलला आणि घटाघट पाणी प्याला.

"ती एकटी एसटीनं आली," तो म्हणाला. "दुकानात गिऱ्हाइकं होती. गादीवर आमचे वडील, शिवकांतअप्पा. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, पहिली सोयरीक का मोडली? अप्पा उठून सांगायला लागले, पत्रिका जमली न्हाई म्हणून. तर म्हणली, अप्पा, तुमाला न्हाई, मी ह्यांना विचारलं."

"मग?"

"मग मी सांगितलं. मला फिट येते. लहानपणापासून. गोळी चुकली न्हाई तर येत न्हाई, पण हाय ती हाय."

बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि वर्तमानपत्र वाचायला आत आलं. महेश्वरी हळूच खाली बसली. तिनं या माणसाला मनातल्या मनात गुन्हेगार करून टाकलं होतं.

"साक्षी काय म्हणली?"

"गोळीचं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी वडलांना घेऊन परभणीला माझ्या डॉक्टरकडं आली. डॉक्टरनं त्या दोघांनाबी समोर बसवून सगळं समजावलं. लग्न करायचं म्हणली ती." त्यानं तांब्या परत टेबलावर ठेवला. "तारीख तेवढी पुढं गेली. तिची आई अजून आमच्या घरावर चिडून हाय. लपवलं म्हणून. बरोबरच हाय त्यांचं."

"मला वाटलं, तुमी भांडायला आलात."

"न्हाई ओ ताई. पुस्तक द्यायच्या निमित्तानं तुमाला बघायला आलो."

महेश्वरीला एक गोष्ट मात्र कळेना. तिनं सरळ विचारलं, "एवढं सरळ सांगून टाकलंत, तर आधीच का न्हाई सांगितलं तिला?"

रुद्रेशनं मान खाली घातली. मग वर पाहिलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू होतं.

"पहिल्या वेळी मी आपणहून सांगितलं, अन् सोयरीक मोडली. तवा आईनं डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, आपणहून एक शब्द बोलायचा न्हाई. त्याच्यानंतर किती पाहुणे आले. शेत किती, दुकान कुणाच्या नावावर, सगळं अप्पांना विचारून गेले. विचारल्यावर सांगायचं न्हाई, असं काई आई म्हणली नव्हती, ताई. कुणीतरी मला विचारावं म्हणून मी वाट बघायलो होतो."